ज्या दिवशी मी सरांना 'तू' म्हणाले

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा माझ्या हातात प्रोजेक्टरची वायर होती. मीच उपटलेली.

ओटावा. भर दुपार. आमच्या संशोधन संस्थेचा मोठा हॉल आणि त्याच्या बाहेरचा कॉरिडॉर. एका बाजूला कॉफीची टेबलं. हॉलमध्ये देणगीदार बसलेले, दार अर्धं उघडं. माझ्या कानात शिट्टी वाजत होती आणि तो मराठीत बोलत होता. इतरांना कळू नये म्हणून मराठीत.

"लायकी दाखवलीस. कुठून उचलून आणलं तुला, विसरलीस?"

उचलून कुणी आणलं नव्हतं. मी नांदेडकडची. बौद्धवस्तीतली. पब्लिक हेल्थ शिकले, कर्ज काढून इथं कॉलेजला आले, ग्रोसरीच्या दुकानात शेल्फ भरत शिकले. ही नोकरी इंटरव्ह्यू देऊन मिळवली. सर पुण्याचे डॉक्टर, या प्रोजेक्टचे मुख्य. ते सगळ्यांना सांगायचे, मी हिला वर काढलं. गणपतीला घरी बोलवायचे आणि पाहुण्यांपुढं उभं करायचे. "शी कम्स फ्रॉम द लोएस्ट ऑफ द लो, यू नो. लुक ॲट हर नाऊ." लोक बघायचे. वरपासून खालपर्यंत. हातात मोदकाची प्लेट घेऊन मी उभी. पीआर, म्हणजे इथं कायमचं राहायची परवानगी, व्हायचं होतं. वर्क परमिट त्याच नोकरीला बांधलेलं.

प्रोजेक्ट युगांडातला. तिथं मोठ्या सरोवराच्या काठी मासेमारांची गावं आहेत. पाण्यात गोगलगायी असतात, त्यांच्यातून बारीक जंत बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पोरं पाण्यातच वाढतात. काहींची पोटं फुगतात, रक्ताच्या उलट्या होतात. कुणाला रोग आहे, औषधानं किती हटला, हे मोजायचं आमचं काम. तिथली सगळी बाजू नाकातो सांभाळायची. नाकातो नर्स. माझ्याच वयाची. रोज सकाळी ऑफिसात आले की मी तिला व्हिडिओ कॉल लावायचे, तिथं तेव्हा दुपार उतरत आलेली असायची. कामाचं बोलून झालं की ती विचारायची, जेवलीस का, बर्फ थांबला का. या देशात मला असं विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

देणगीदारांच्या बैठकीसाठी तिला ओटावाला आणलं होतं. तिला बोलायचं होतं, तयारी करून आली होती. सरांनी सकाळी सांगितलं, वेळ नाही, तू फक्त हात हलव.

मग सरांनी व्हिडिओ लावला.

पडद्यावर एक मुलगी. असेल दहा-अकरा वर्षांची. झाडाखाली उभी. कमरेवरचे कपडे काढलेले. पोट टम्म फुगलेलं, त्यावर शिरांचं जाळं. तिनं दोन्ही हात छातीवर गच्च धरलेले. ती कॅमेऱ्याकडं नाही, बाजूला कुणाकडं तरी बघत होती. आवाज आला, सरांचा. "हँड्स डाउन." तिनं हात काढले नाहीत. मग एक हात पडद्यात शिरला. मनगटावर सरांचं घड्याळ. त्या हातानं तिच्या हातांवर फटका मारला. आवाज सुद्धा रेकॉर्ड झाला होता. दुसरा फटका. पोरीचे हात खाली आले. कॅमेरा जवळ गेला.

हॉलमधली एक बाई "ओह" म्हणाली. पोटाकडं बघून.

माझ्या शेजारी नाकातो उठून उभी राहिली. "तिच्या आईला सांगितलं होतं पोट तपासणार. शूटिंगचं सांगितलं नव्हतं," ती इंग्रजीत म्हणाली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

आणि मी मनानं वस्तीत पोचले. मी चौथीत होते. शाळेत खरजेचं तपासणी शिबिर होतं. वस्तीतल्या पोरी वेगळ्या उभ्या केल्या, अंगणात, सगळ्यांदेखत. डॉक्टरनं हातमोजे घातले होते, तरी आम्हाला हात लावत नव्हता. लाकडी पट्टीनं फ्रॉक वर करायचा. मी फ्रॉक दाबून धरला. त्यानं बोटांवर पट्टी हाणली. आडवी नाही, उभी. हाडावर. बोटं सुटली. भिंतीवर बसलेली पोरं हसली. घरी आईला बोटं दाखवली. आई म्हणाली, "औषध दिलं ना? मग गप बस."

मी गप बसले होते. औषध दिलं होतं.

ओटावाच्या हॉलमध्ये मी भिंतीपाशी गेले आणि वायर उपटली. पडदा पांढरा झाला. "ही पोरगी नको म्हणतेय," मी इंग्रजीत म्हणाले. "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

सरांनी हसून माफी मागितली. टेक्निकल प्रॉब्लेम म्हणाले. माझा दंड धरला, नखं रुतवत बाहेर कॉरिडॉरमध्ये ओढलं. नाकातो मागून आली. मग ती कानाखाली.

"औषध आपण देतो त्यांना," तो म्हणाला. "जीव वाचवतो. आणि तू लाज काढतेस? तुमच्या लोकांना कितीही वर आणा..."

वाक्य पुरं होऊ दिलं नाही मी. वायर फेकली आणि उलट्या हातानं त्याच्या तोंडावर मारली. चष्मा उडाला. ओठ फुटला. तो टेबलावर गेला, कॉफीचा थर्मास कोसळला. त्यानं माझे केस धरले. मी त्याच्या छातीवर डोकं हाणलं. आणि बोंबलले. नांदेडी मराठीत, अख्खा हॉल बाहेर येईल अशी.

"हात लावतोस? तू? तू कोण रे मला वर आणणारा?"

तू. पहिल्यांदा. मारापेक्षा तोच शब्द त्याला जास्त लागला, तोंड बघत होते मी त्याचं.

सिक्युरिटी गार्ड धावत आला. समोर काय? सूट घातलेला डॉक्टर, ओठातून रक्त. केस विस्कटलेली मी. आणि भिंतीपाशी उभी नाकातो. तिनं कुणाला बोटही लावलं नव्हतं. गार्ड सरळ तिच्यावर गेला. खांदा धरून तिला जमिनीवर पालथी पाडली, हात पाठीमागं पिरगळला. कट्ट असा आवाज झाला. कॉरिडॉरमधल्या सगळ्यांनी ऐकला. ती किंचाळली, "आय टच्ड नोबडी! आय टच्ड नोबडी!" मी गार्डच्या पाठीवर बुक्क्या मारत होते, सोड तिला, मी मारलं, मी. दुसऱ्या कुणीतरी मला मागं ओढलं.

सरांनी ओठ पुसला. गार्डला म्हणाले, "थँक यू."

पोलीस येईपर्यंत मला एका छोट्या खोलीत बसवलं. सर आत आले. दार लावलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ, आपण मराठी माणसं. आपलं आपल्यात मिटवू. तू म्हण, झटापट तिनं सुरू केली. तिला काय, विमानात बसेल, घरी जाईल. तुझं पीआर मी बघतो."

"तिचा हात मोडलाय," मी म्हणाले.

"अगं, ती कोण लागते तुझी?"

आयुष्यभर मला वेगळं उभं केलं असल्या लोकांनी. आज पहिल्यांदा हा शेजारी बसवत होता, तिच्या मोडलेल्या हातावर बसवत होता. मी दार उघडलं. बाहेर पोलीसबाई उभी होती. तिला मोठ्यानं, कॉरिडॉरला ऐकू जाईल असं सांगितलं. ह्यानं मला मारलं, मी ह्याला मारलं, त्या बाईनं कुणालाच मारलं नाही आणि मनगट तिचं मोडलंय.

पोलिसांनी जबाब लिहून घेतले, मला सोडलं. दुसऱ्या आठवड्यात नोकरी गेली. नाकातो प्लास्टर घेऊन परत गेली.

किचनर शहरात आमच्या समाजाच्या संघटनेतलं एक कुटुंब आहे. त्यांच्या बेसमेंटमध्ये मी आता राहते. त्या घरातले भाऊ सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "चुकलं नाही तुझं. पण पीआर होईपर्यंत दम धरायचा होतास, ताई."

वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटणं आपटलं त्यांनी. "दमच धरत आलो की आपण. ती गोरी बाई पोट बघून ओह म्हणाली, तेव्हाही दम धरायचा?"

भाऊंनी फोन उचलला. मग वकील शोधायला लागले.

सरांनी सगळीकडं सांगितलं, हिच्यामुळं प्रोजेक्ट बंद पडला, आता पोरं औषधाविना मरतील. मी नाकातोला फोन लावला. ती हसली, कडू. "औषध आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातून येतं. कालच वाटलं मी, एका हातानं. तुमचं फक्त मोजमाप होतं." प्रोजेक्ट बंद झाला तो गावामुळं. नाकातोकडून सगळं कळल्यावर त्या मुलीची आई बायका घेऊन दवाखान्यावर गेली. व्हिडिओ पुसा, तो डॉक्टर परत पाठवू नका, तोवर तपासायला आमच्या पोरांच्या रक्ताचा एक थेंबही मिळणार नाही. असं म्हणाल्या त्या. मुलीचं नाव मला माहीत आहे. आई नको म्हणाली, म्हणून इथं लिहीत नाही.

आता संस्थेनं निरोप धाडलाय. बंद दाराआड बसू, मी आणि सरांनी एकमेकांची माफी मागावी, विषय संपवावा. सोबत चांगलं शिफारसपत्र देतो म्हणतात. वकीलही म्हणतो, विचार कर, परमिट संपत आलंय.

विचार केला. कळवलं. दार उघडं ठेवा. आधी नाकातो बोलेल, पडद्यावरून, तिला हवा तितका वेळ. मग त्या मुलीची आई, तिच्या भाषेत. मग मी.

मला विचारतील, तू हात उचललास का?

हो. उचलला. माफी नाही. देशातून काढायचं तर काढा, जाण्याआधी सगळं बोलून जाईन. आणि माझ्यादेखत परत कुणी असं पोरीचं अंग उघडं करायला गेला, इथं, युगांडात किंवा नांदेडला, तर परत मारीन.