झुलाल नानांच्या हातची फणी

धुळ्यात आग्रा रोडला ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसवणारी बरीच दुकानं होती, पण ज्याला केळी भरून दिल्ली गाठायची असे तो ट्रकमालक बाकीची सगळी ओलांडून झुलाल नानांकडेच यायचा. नानांनी पाटे बसवलेल्या गाडीत केळ्याला डाग लागत नाही, असं ड्रायव्हर छातीठोकपणे सांगत. काम झालं की नाना गाडीच्या मागच्या पत्र्याला केळ्यांची एक फणी सुतळीने बांधून देत. मुक्कामी पोचल्यावर ती सोडून खायची. तेवढीच त्यांची सही.

हात सोन्याचा, पण माणूस रागीट. त्यांनी लावलेला पाटा दुसऱ्या कुणी उघडला की त्या गाडीला दुकान कायमचं बंद. चाळीसगावचा एक ट्रकमालक दोन वर्षं हेलपाटे घालत होता. नानांनी त्याला चहा पाजला, पण गाडीला हात लावला नाही.

अशा माणसाकडे १९९२च्या थंडीत एरंडोलचा धनसिंग आपली जिप्सी घेऊन आला. जिल्ह्याच्या मोटार क्लबची रॅली पाच दिवसांवर आली होती. एरंडोलहून पद्मालयाच्या जंगलातून भडगावपर्यंत सगळा कच्चा रस्ता. गेल्या वर्षी तो अर्ध्यातच बाहेर पडला होता. वडिलांनी यंदा निक्षून सांगितलं होतं, पहिल्या तिघांत आलास तर गाडी तुझी, नाहीतर संक्रांतीपासून ती शेतावर सरकीच्या गोण्या वाहील. पोराला सरकीचं नाव काढलं तरी घाम फुटत होता.

त्याने तयारी मात्र जोरात केली होती. मुंबईहून कडक शॉकअप आणले होते आणि जळगावला मागच्या दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून घेतला होता. आपल्याकडे गाडीचं कुठलंही दुखणं असो, औषध एकच, अजून एक पाटा टाका. कापूस, केळी, वऱ्हाड, सगळं दुपटीने भरायची सवय, त्यामुळे गाडी मागून उंच दिसली की माणसाला बरं वाटतं.

नानांनी खाली वाकून पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. "कोणी टाका हाऊ जास्तीना पाटा?"

"मीच सांगितलं, नाना. गाडी घट्ट पाहिजे ना!"

नाना उठले. घरात जाऊन बायकोकडून, कलाबाईंकडून, त्यांनी पिकायला आलेल्या चार फण्या आणल्या, चारही चाकांपाशी पत्र्याला एकेक बांधली आणि धनसिंगला म्हणाले, खडीच्या रस्त्याने जोरात जाऊन ये, पण केळ्यांकडे उद्याच बघू. मार लागलेलं केळं लगेच सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या दोन फण्या बऱ्या होत्या, मागच्या दोन काळ्याठिक्कर. धनसिंग वैतागून म्हणाला, "नाना, मला केळी न्यायची नाहीत, रॅली जिंकायची आहे!"

"जठे केयं काये पडनं, तठे तुनं चाक हवामा व्हतं," नाना शांतपणे म्हणाले. "हवामातलं चाक पयस का?"

हवेतलं चाक पळणार कसं? धनसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रिकाम्या गाडीचं मागचं ओझं ते काय, तेवढ्याला पाट्यांचा तो जाड जोड दबतच नव्हता. प्रत्येक खड्ड्यावर मागची चाकं उडत होती आणि उडालेल्या चाकाला धरायला रस्ताच नव्हता. नानांनी कडक शॉकअप ठेवले, जास्तीचे पाटे काढले. पाटा चाकाला खाली सोडेल, शॉकअप गाडीला उड्या मारू देणार नाही. मग नेहमीप्रमाणे मागे एक फणी बांधली. डागाळलेल्या केळ्यांचं शिकरण कलाबाईंनी सगळ्यांना वाढलं, धनसिंगने दोन वाट्या खाल्ल्या.

एवढं कळूनही धनसिंग चुकला. एरंडोलच्या चौकात चारजण जमले आणि म्हणाले, धनसिंगची गाडी मागून बसली हो! बसलेली गाडी म्हणजे आपल्याकडे खचलेला धनी. त्याला ते सोसलं नाही. काढलेले पाटे गाडीतच पडून होते. त्याने ते गावातच परत टाकून घेतले आणि रॅलीच्या आदल्या दिवशी जंगलातून एक फेरी मारून आला.

रॅलीच्या सकाळी नाना एस.टी.ने एरंडोलला हजर. न बोलावता आले होते, आपलं काम पळताना बघायला. हातात नवी फणी. कौतुकाने गाडीमागे गेले आणि थांबले. चार दिवसांपूर्वी त्यांनी बांधलेली फणी काळी पडली होती. त्यांना खाली वाकायचीही गरज पडली नाही.

धनसिंगला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. रॅली सुटायला सव्वा तास होता. नाना आता स्टँडकडे वळणार, आणि वळले तर त्यांना कुठल्या तोंडाने अडवायचं?

नानांनी टोपी काढून बोनटवर ठेवली, सदरा काढला आणि जॅक मागितला. गाडीखालून त्यांचा आवाज आला, "राग मना शे, पन गाडीमा तू शे. तो पाना दे."

त्यांचं वय साठीचं. धनसिंग पाने देत राहिला, डोळे पुसत राहिला. दहा मिनिटं उरली तेव्हा नाना बाहेर आले आणि त्यांनी नवी फणी बांधली.

धनसिंग तिसरा आला. भडगावला वडिलांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली, पण तो तिथे फार थांबला नाही. दुसऱ्या दिवशी फणी घेऊन धुळ्याला गेला आणि ती नानांच्या पुढ्यात ठेवली. बक्षिसाचा कप गाडीतच राहिला होता.

नानांनी एकेक केळं फिरवून पाहिलं. सगळी पिवळीधमक, एकावर मात्र बोटभर काळा डाग. त्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"आठे तू घाबरना."

पद्मालयाच्या उतारावरचं ते वळण धनसिंगने कुणालाच सांगितलं नव्हतं. ऐन वळणात त्याने घाबरून ब्रेक दाबला होता आणि गाडी मागून उडाली होती.

"हो नाना," तो म्हणाला.

नानांनी तेच केळं सोललं, अर्धं त्याला दिलं आणि अर्धं स्वतः खाल्लं.