मुक्ताईकडे मी इंग्रजी मागितलं होतं

श्रद्धेच्या बाबतीत मी आधीपासूनच काठावरची. आई मुक्ताईची निस्सीम भक्त. तिच्या हट्टापायी मीही मुक्ताईनगरला जायचे, हात जोडायचे आणि मनात परीक्षेच्या पेपरांचा विचार करायचे. पण व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मात्र निघण्याआधी मी आपणहून गेले. डोळे मिटून एकच मागणं मागितलं, "माझं इंग्रजी कुठे अडखळू देऊ नकोस." चोपड्याजवळच्या आमच्या गावात नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, केळीची बाग आहे. त्या चिखलातून सुटायचं म्हणूनच तर मी इंग्रजीची कास धरली होती. गावाने शाल-नारळ देऊन सत्कार केला. चोपड्याच्या शाळेतली नोकरी मी सोडून दिली आणि विमानात बसले.

तिथे पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी पाणी कुठे मुरतंय ते कळलं. गाव छोटं, शिकवणीचा वर्ग खासगी. तो चालवणाऱ्या बाई स्वभावाने सरळ होत्या. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पालकांना गोरा शिक्षक हवा होता. भारतीय बाईचं इंग्रजी चालेल का, अशी त्यांना शंका आहे. शनिवारी सकाळी ते वर्गात येऊन बसतील. त्यांना पटलं तर राहा, नाही तर मला तुम्हाला परत पाठवावं लागेल." मला राग आला, रडूही आलं. दहा-अकरा वर्षांची ती मुलं माझ्यासमोर तोंडाला कुलूप लावून बसत. प्रश्न मीच विचारायचा आणि उत्तरही मीच द्यायचं, असे तीन दिवस गेले. घरी फोन केला तर आई म्हणाली, "कसाले घाबरस पोरी? मुक्ताई बठ्ठं देखी राहिनी." मी चिडून म्हटलं, "पाहून काय उपयोग? तिला इंग्रजी येतं का?" फोन ठेवल्यावर माझी मलाच लाज वाटली.

शनिवारी ठेवणीतला पांढरा कुर्ता घातला, धडा पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला आणि चालत निघाले. आदल्या संध्याकाळी वारा सुटला होता. वाटेत एका घराच्या परसात घडाने लदलेली केळ कलंडली होती आणि एक म्हातारी तिला खांद्याने रेटून उभी होती. बांबू पडले होते चार हात लांब. ते घ्यायला जावं तर केळ कोसळणार. आमच्याकडे वैऱ्याच्या बागेतही घड पडताना दिसला तर माणूस तसाच पुढे जात नाही. उशीर होतोय, कुर्ता पांढरा आहे, हे सगळं कळत असूनही मी चपला काढून आत शिरले. खोडाला मी खांदा दिला, तिने बांबू आणले. ती एकच बांबू लावू लागली, तेव्हा खोड पुन्हा तिच्या खांद्यावर देऊन मी दोन बांबू वरच्या टोकाला बांधून कैची केली, नाना करतात तशी. केळ सावरली. म्हातारी खुदकन हसली, आणि मग तिची नजर माझ्या कुर्त्यावर गेली. चीक आणि चिखल, दोन्ही अंगभर. केळीचा चीक एकदा लागला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. घरी जाऊन बदलायला वेळ नव्हता. मी लांबूनच वर्गाची इमारत बोटाने दाखवली आणि पाय उचलला. म्हातारीने माझं मनगट धरलं आणि तीही बरोबर निघाली.

वर्गात पालक येऊन बसले होते. माझा अवतार बघून कुजबुज सुरू झाली. तयार केलेला धडा डोक्यातून पार उडाला. उभ्या जागी मनात म्हटलं, 'मुक्ताई, आता माझ्याच्याने होत नाही. तूच बघ.' इतकं खरं मी आजवर कुठल्याच देवळात बोलले नव्हते. तेवढ्यात म्हातारी पालकांपुढे जाऊन बोलू लागली. हातवारे करत, माझ्या कुर्त्याकडे बोट दाखवत ती बराच वेळ बोलली. मला एक अक्षर कळलं नाही; समोरचे चेहरे सैलावत गेले, तेवढं दिसलं. मग एक मुलगी उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "टीचर, तुमच्या घरी केळी आहेत?" त्या वर्गातून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

मग काय, सगळीच बोलू लागली. घड केवढा होतो, कोण कापतं, तुमच्याकडे माकडं येतात का! मी फळ्यावर कैची काढून दाखवली. एका पालकांनी मुलाकरवी विचारलं, वाऱ्यात ती खरंच टिकते का? उत्तर देताना मी दोनदा अडखळले, एक शब्द तर आठवलाच नाही. तो मुलांनीच पुरवला. तास संपल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "सोमवारी पुढचा धडा घ्या." मी विचारलं, आजी काय म्हणाल्या? "म्हणाल्या, ही न बोलावता आली आणि स्वतःच्या कपड्यांकडे तिने पाहिलं नाही. अशा बाईच्या हाती पोरं द्यायला काय हरकत आहे?" मग बाई म्हणाल्या, "नवल आहे. त्यांचं इथे कोणीच शिकत नाही. त्या कधी कोणाच्या दारी जातही नाहीत."

आईला सांगितलं तर तिने क्षणभरही विचार केला नाही. "मुक्ताईनीच धाडं तिले," म्हणाली. मी वाद घातला नाही. कोणी धाडलं, का धाडलं, याचा खल करणारी मी कोण? मागितलं होतं ते मिळालं नाही, अडखळायची ती अडखळलेच. आणि तरीही तरले. ज्या चिखलातून सुटायला मी सातासमुद्रापार आले, त्याच चिखलाने मला इथे उभं केलं, हे आठवलं की आजही डोळे भरून येतात. मुक्ताईपुढे मी आता काही मागत नाही. नुसती बसते.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी म्हातारीचे आभार मानायला गेले. तिच्या भाषेतलं एक वाक्य सकाळपासून घोकून ठेवलं होतं. परसात उभी राहून ते जेमतेम अर्धं म्हटलं असेल, तोच तिने हात हलवून मला थांबवलं. माझ्या हाती एक बांबू दिला आणि पलीकडे कलायला लागलेल्या दुसऱ्या केळीकडे बोट दाखवलं. मी बाह्या वर केल्या.