जिवंत मरळीचा सौदा

नांदेडच्या नदीकाठी एका मरळ माशानं मला फसवलं आणि मी माझ्या पोटुशी लेकीला फसवलं. आम्हा दोघांच्याही वर बसून ज्यानं फसवलं, त्याला मी अजून शोधतो आहे.

माझा धंदा जुन्या ट्रॅक्टरांचा. लातूरकडच्या मुरुडजवळच्या गावातून अंगावरच्या कपड्यांनिशी नांदेडला आलो आणि दुसऱ्याच्या गॅरेजात रॉकेलनं नटबोल्ट धुतले. आज रंग मारून नवा केलेला ट्रॅक्टर मी चालू न करता ओळखतो. विकणाऱ्याला वाटतं, मी इंजिन बघतोय. मी त्याचं तोंड बघत असतो. अशा माणसाला वीतभर मासा गंडवतो, याचा राग मला आजही आवरत नाही.

आमचं घर लिंगायताचं. घरात मासा येत नाही. पण माझी जीभ तरुणपणी गॅरेजवाल्यांच्या पंगतीत बाटली, ती बाटलीच. बायकोनं मग तह केला. मागच्या अंगणात पत्र्याखाली वेगळी चूल, वेगळं पातेलं, आणि खाऊन झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय देवघराकडं बघायचंसुद्धा नाही.

"महादेवाला सगळा वास येतो," ती म्हणायची.

"मग त्यांचं पण ताट वाढू का?" मी म्हणायचो. त्यावर दोन दिवस अबोला.

त्या पत्र्याखाली माझी एकच भागीदार होती, माझी लेक. मिरग लागला की पावसाळी हवा बाधू नये म्हणून आमच्याकडं कितीतरी घरांत मासा खातात. आम्ही दोघं त्या निमित्ताची वाट बघायचो आणि नंतर निमित्ताशिवायही खायचो. मुंडकं मात्र नेहमी तिचं. ते ती काट्यासकट चावून, चोखून संपवायची.

पुढं तिला लातूरला दिलं. सासर इतकं सोवळं, की अंड्याचं चित्र असलेली पिशवीसुद्धा दाराबाहेर ठेवतात. सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, चप्पल काढली आणि आईचं लक्ष नाही बघून माझ्या कानाशी म्हणाली, "अप्पा, मरळ."

मिरगच चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शहराच्या खालच्या बाजूला, नदीकाठी बसणाऱ्या मासेवालीकडं गेलो. बाई माझ्याच वयाची, ओळखीची. पोटुशी लेकीसाठी मासा पाहिजे, असं मी तिला सांगितलं. तिच्यापुढं दोन गोष्टी होत्या, बर्फावर ठेवलेले रोहू आणि जाळी बांधलेल्या टबात जिवंत मरळ.

"ह्यो रोहू न्या, शेट. विष्णुपुरी धरनाच्या वरला हाय. लेकरावालीला चांगला."

"मेलेला दिसतोय."

"मासाच हाय तो. पाण्याभाईर काढल्यावर काय नाचंल व्हय?"

"ही नाचून राहिली की." मी टबाकडं बोट दाखवलं. मरळ जाळीला धडका देत होती.

"ती खालच्या अंगाची हाय. नाल्यापाशी धरलेली."

इथं शहाण्या माणसानं थांबायला पाहिजे होतं. मी शहाणा नव्हतो, मी गिऱ्हाईक होतो. विकणाराच मालात खोट सांगतोय म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकच गोष्ट शिरली. "खालच्या अंगाची आहे ना? मग भावही खालचाच लाव."

तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि लावला. घरी येईपर्यंत मी मिशीत हसत होतो. जिवंत माल, तोही पडेल भावात. त्यानंतर बाळंत होईपर्यंत दर आठवड्याला दोनदा हाच सौदा झाला. चुलीतली राख लावून मरळीचा बुळबुळीतपणा मी स्वतः काढायचो. तिखट रस्सा, ज्वारीची भाकरी, आणि मुंडकं लेकीच्या ताटात.

लेकीचं रक्त कमी भरलं. गोळ्या सुरू झाल्या तरी वाढेना. पोटात कळा यायच्या, त्या बाळाच्या नव्हत्या. डॉक्टरीणबाईंना शंका आली, त्यांनी रक्त बाहेरच्या मोठ्या तपासणीला पाठवलं. अहवाल आला त्या दिवशी नेमक्या विहीणबाई लातूरहून भेटायला आलेल्या. त्याही आमच्याबरोबर दवाखान्यात येऊन बसल्या.

"रक्तात शिसं जास्त आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माती खाता का? कुणा वैद्याचं भस्म वगैरे?"

"आमच्या घरात असलं काही नसतं," विहीणबाई म्हणाल्या. "सून आमची एकदम शुद्ध."

लेकीनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या चित्राकडं बघितलं.

"मरळ खाते," ती म्हणाली. "मुंडक्यासकट."

विहीणबाईंनी पदर नाकाला लावला, जणू मासा टेबलावरच ठेवला होता. "व्याही, माहेरपणाला पाठवली होती. बाटवायला नव्हे."

"ती बाटली तिसरीत असताना," मी म्हणालो. बायकोनं माझा दंड असा चिमटला की वळ दोन दिवस राहिला.

डॉक्टरीणबाईंना आमच्या धर्माशी घेणंदेणं नव्हतं. घाण पाण्यातल्या माशाच्या अंगात शिसं साठतं, हाडात तर जास्तच, आणि आईच्या रक्तातून ते बाळाला जातं, असं त्या म्हणाल्या. सगळं माशामुळंच झालं असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, पण तो मासा आजपासून बंद.

मी तडक नदीवर गेलो. चारचौघांत बाईला नको ते बोललो. ती खवले काढत होती, तिनं हात थांबवला नाही.

"झालं बोलून? आता ऐका. रोहू दावला, तुमी मेलेला म्हनलात. मरळ खालच्या अंगाची म्हनले, तर तुमी भाव पाडला. अजून काय करू, तुमच्या तोंडात हात घालू?"

"पण ती तर उड्या मारत होती."

"मारनारच. मरळ वर तोंड काढून हवा घेती. नाल्याच्या तोंडापाशी बाकीचे मासे उलटे हून वर येत्यात, ही तेवढी जिती ऱ्हाती. वरच्या शेडांत जुन्या बॅटऱ्या फोडत्यात, ते पानी कुठं जातंय?"

"तू खातीस का ही?"

"मग काय काजू खाते? उरंल ते आमीच खातो. माझी सूनबी पोटुशी हाय, शेट. तिचं रगत कुनी तपासलं न्हाई."

ताजेपणाची खूण म्हणून मी जी उडी बघत होतो, ती विषात तगून राहिलेल्या जनावराची उडी होती. आणि माझ्या ट्रॅक्टरांच्या मेलेल्या, शिशानं भरलेल्या बॅटऱ्या भंगारवाला कुठं नेतो, हे मी कधीच विचारलं नव्हतं. तो भाव बरा देतो, एवढंच मला माहीत होतं.

मग पाण्याची तपासणी करणाऱ्या कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "नमुना घेतला होता. पाणी ठीक आहे."

"कुठून घेतला?"

"पुलापाशी."

पूल नाल्याच्या वरच्या अंगाला आहे. "नाल्याच्या तोंडाशी का नाही घेतला?"

"तिथं गाडी जात नाही."

"मी ट्रॅक्टर देतो. फुकट." आयुष्यात हा शब्द मी पहिल्यांदा वापरला.

"अर्ज करा," साहेब म्हणाले. "आणि मासा घेतल्याची पावती जोडा."

लेक बाळंत झाली. नात आहे, आवाज माझ्यावर गेलाय. डॉक्टरीणबाई म्हणतात, कधी बसते, कधी बोलते, यावर लक्ष ठेवा, आजच काही सांगता येत नाही. विहीणबाई रोज फोन करून विचारतात, "मान धरली का?" त्यांच्या आवाजातला टोमणा गेलाय, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

माझ्या वाट्याचा जबाब मी देतो. स्वस्तात घेतलं, सांगितलेलं ऐकलं नाही, बॅटऱ्या मीही विकल्या. हे लिहून, सही करून कचेरीत दिलंय. आता त्या शेडांना परवानगी कुणी दिली, नाल्यात काय सोडतात आणि पुलापाशीच नमुन्याची बाटली कुणी भरली, ते त्यांनी तसंच सही करून द्यावं. आणि त्या बाईच्या सुनेचं रक्त तपासून आणावं, सरकारी खर्चानं. साहेब, मी दर सोमवारी येतोय. खुर्ची तयार ठेवा.