आतोबांची इंधननलिका

इंदुरात जन्मून, इंदुरात नोकरी करून, इंदुरातच म्हातारा होऊनही हिंदीचा एक शब्द जिभेला लागू न देणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला. आमच्या आतोबांचं म्हणणं असं, की मराठी माणसाच्या कानावर पडलेला शब्द मराठीच समजायचा. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं ही बोलणाऱ्याची अडचण. राजवाड्यासमोरच्या भाजीवालीशी ते शुद्ध मराठीत घासाघीस करत, ती माळवीत उत्तरं देई, आणि भांडण दोघांनाही पुरेपूर समजे. घरात मात्र छळ होता. आम्ही बाकीचे सगळे इंदुरी मराठीवाले, म्हणजे 'चाय पिऊन घ्या' आणि 'गिलास खाली करा' म्हणणारे. या 'खाली'वर तर त्यांचा विशेष दात होता. साखरेचा डबा खाली झाला असं आत्या म्हणाली, की हे वाकून जमिनीवर डबा शोधत. "खाली म्हणजे तळाशी. रिकामा म्हणावं," असं सांगत. आत्यानं हे जन्मभर ऐकलं आणि जन्मभर ती खालीच म्हणत राहिली.

नोकरी संस्थानच्या बागखात्यात. पुढे संस्थान गेलं, मध्यभारत राज्य झालं, राजधानी सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला नांदू लागली, आणि दफ्तरात हिंदी आली. एके दिवशी साहेबांनी बोलावून सांगितलं, की आपली बदली शिक्षा विभागात झाली आहे. आतोबांनी शांतपणे विचारलं, की माझा गुन्हा काय. शिक्षा म्हणजे शिक्षण, हे समजावायला कचेरीतली सगळी शहाणी माणसं बसली. आतोबांनी ऐकून घेतलं, आणि ज्या राज्यात शिकवणं आणि शासन करणं एकच, तिथे आपलं काम नाही असं म्हणून मुदतीआधी पेन्शन घेऊन घरी आले.

पेन्शनीत माणसं पोथ्या वाचतात. आतोबा महूच्या छावणीतल्या लिलावातून पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आले. लढाईच्या दिवसांत झाडं पाडायला आणलेलं ते धूड होतं. एका टोकाला इंजिन, पुढे लांबलचक पातं, पात्याभोवती फिरणारी दातेरी साखळी, आणि ते उचलायला दोन माणसं. आणण्याला कारणही होतं. त्यांच्या अंगणात दक्षिणेला असलेल्या चिंचेची एक फांदी पडवीवर आली होती आणि हिवाळ्यात पडवीत उन्हाचा कवडसा पडत नसे. आत्याचे गुडघे संधिवातानं धरलेले. सकाळी तेल लावून घटकाभर उन्हात बसलं, तरच तिला दिवसभर चालता येई. देपालपूरकडचा एक लाकूडतोड्या कुऱ्हाड घेऊन दर वर्षी गल्लीतून जायचा. आत्यानं त्याला दोनदा दारात आणला आणि आतोबांनी दोनदा परत पाठवला. घरात यंत्र असताना कुऱ्हाड लावणं हा त्यांना यंत्राचा अपमान वाटे.

यंत्राचं दुखणं एकच होतं. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत नेणारी रबरी नळी पार कुजली होती. आतोबा तिला इंधननलिका म्हणत. ती बदलायला म्हणून त्यांनी आधी आमच्या घरातल्या एनिमाच्या भांड्याची नळी नेली. पेट्रोल लागताच ती विरघळून गेली. मग एका डॉक्टर स्नेह्याच्या छाती तपासायच्या नळीवर डोळा गेला, तो गृहस्थ पुढे कित्येक दिवस आमच्या गल्लीतून बॅग छातीशी धरून जात असे. शेवटी सायकलच्या दुकानातून आणलेली नळी बसली, पण अशी फुगून बसली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. करवत पडवीतल्या टेबलावर मुक्कामाला राहिली. आत्या तिला सवत म्हणू लागली आणि सकाळी आपला वेताचा मोढा उचलून लंगडत समोर आमच्या अंगणात येऊ लागली. बाईमाणसानं दुसऱ्याच्या दारी ऊन मागत बसावं हे आतोबांना फार लागलं. ते तसं बोलले, तेव्हा ती गल्लीपलीकडून म्हणाली, "तुमचं ऊन रिपेर होईस्तोवर मी इथलं घेते."

ते बोलणं झोंबलं म्हणून असेल, होळीनंतर आतोबा मला घेऊन राजवाड्यामागच्या एका मोटार मिस्त्रीकडे गेले. त्यानं लष्करी ट्रकची जाड नळी कापून दिली आणि सांगितलं, "साब, पहले टंकी खाली रखना, फिर पुरानी नली खींचना।" आतोबांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं. घरी येऊन त्यांनी टाकी सोडवली, आणि काठोकाठ भरलेली ती टाकी सांगितल्याप्रमाणे टेबलाखाली, जमिनीवर ठेवली. मग उकिडवं बसून सगळा जोर लावून जुनी नळी ओढली. नळी आली, पाठोपाठ सगळं पेट्रोल आलं, आणि पडवीत आत्यानं लुगड्यावर वाळत घातलेल्या उडदाच्या पापडांखालून निवांत वाहत अंगणात गेलं. त्या सालचा पापड विस्तवाजवळ न्यायची आमच्यात कोणाची छाती झाली नाही. ओढण्याच्या झटक्यात टाकीची पितळी तोटीही वाकली. ती सरळ करायला पुन्हा त्याच मिस्त्रीकडे जायला हवं होतं.

आणि आतोबा जाईनात. गेलं की काय झालं ते सांगावं लागणार, आणि सांगितलं की कोणता शब्द चुकला ते निघणार. नवी नळी खिळ्याला टांगून राहिली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पुन्हा थंडी पडली. त्या वर्षी आत्याला गल्ली ओलांडून येणंही जमेना. ती सावलीतच मोढ्यावर बसे, गुडघ्यांवर शाल घेऊन. मिस्त्रीला जाऊन विचारा, एका शब्दाचं तर काम आहे, असं तिनं माझ्यासमोर त्यांना सांगितलं. आतोबा म्हणाले, "शब्दच चुकीचा आहे त्याचा." तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो. त्या हसण्याचं मला आज फार वाईट वाटतं. हौस म्हणून केलेला हट्ट आणि माणूस यांतलं काय आधी संपेल, हे आपल्याला हसताना कळत नाही.

संक्रांतीच्या तोंडावर आत्या तापानं गेली. तेरावं झालं आणि आतोबांनी वाकलेली टाकी पिशवीत घातली, नळी खिळ्यावरून काढली आणि मला चल म्हणाले. मिस्त्रीनं टाकी उलटसुलट पाहून विचारलं, की टंकी खाली रखी थी? आतोबांनी मान खाली घातली आणि हलवून नाही म्हटलं. त्यानं तोटी सरळ केली, नळी बसवली. चहा उकळायला लागतो तितकाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरची जुनी शिडी लावून, करवतीचं एक टोक त्यांनी आणि एक मी धरून, आम्ही ती फांदी पाडली. करवत पहिल्या ओढीला सुरू झाली. सगळी गल्ली आवाजानं बाहेर आली होती, ती फांदी पडल्यावर हळूहळू घरात गेली. ऊन सरळ पडवीत आलं, भिंतीपर्यंत गेलं, आणि कोपऱ्यात आत्याचा मोढा होता तिथे पडलं. आतोबा धोतरावरचा भुसा झटकायचं विसरून तिकडे बघत राहिले.

"ऊन तर आलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मोढा खाली आहे."

ते स्वतःच स्वतःला सुधारतील म्हणून मी थोडा थांबलो. त्यांनी सुधारलं नाही, आणि रिकामा म्हणावं, असं सांगायचा मलाही धीर झाला नाही.