बाबांची डिझेल गाडी आणि हवेची कुलपं

आमच्याकडे पाहुणे आले, की चहा होईपर्यंत गप्पा बाबांच्या जुन्या डिझेल गाडीवर येतातच. त्यातही तिच्या कुलपांवर. ही कुलपं विजेवर नाही, हवेवर चालतात. ड्रायव्हरच्या दाराला किल्ली लावली, की नळ्यांमधली हवा ओढली जाते आणि बाकीची दारंही आपोआप लागतात. एक नळी जरी चिरली, तरी सगळ्या दारांचे रुसवे सुरू. त्या रुसव्यांचे किस्से किती साठलेत, विचारू नका.

*

एकदा दारं लागेचनात. नारायणगुड्याच्या घरासमोर बाबा आणि मामा एकेका दाराची नळी काढून, तिला बूच लावून बघत होते. गळती कुठल्या दारात, यावर दोघांची जुंपली.

आई घरी गाणं शिकवायची. शिकवणी थांबवून ती खाली आली, दारांना कान लावत फिरली आणि मागच्या डाव्या दाराशी थांबली.

"इथे कुणीतरी बेसूर श्वास घेतंय," म्हणाली आणि वर निघून गेली.

दाराचं आतलं कव्हर काढलं, तर हवेच्या ओढीने कुलूप हलवणारा रबरी पडदा चिरलेला.

*

नवा पडदा कुठेच मिळेना. मामाने सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. तसेच चिक्कडपल्लीला एका लग्नाला गेलो, तर ड्रायव्हरचं सोडून एकही दार उघडेना. पैठणी नेसलेली मावशी सरकत सरकत ड्रायव्हरच्या दारातून उतरली.

यजमान धावत आले. "अरे वा, गाडी आप चलाते क्या?"

मावशीने पदर सावरला. "हौ. कभी कभी."

पुढच्याच आठवड्यात तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला.

*

गाडी बाबांनी घेतली ती मलकपेठच्या सिद्दीकी काकांकडून. कितीतरी वर्षं काका रोज संध्याकाळी तिनेच ऑफिसमधून घरी यायचे. गेल्या वर्षी ते वारले. भेटायला गेलो, तेव्हा गाडी मी चालवत होतो. त्यांच्या दारासमोर किल्ली फिरवली, तर इंजिन बंदच होईना. या गाडीचं इंजिनही त्याच हवेने बंद होतं, आणि हवा पुन्हा कुठेतरी गळत होती.

दुःखाच्या घरासमोर ती धडधड. बाबा कानकोंडे झाले. "बॉनेट उघड, हाताने बंद कर. लवकर."

मी बॉनेट उचललं, तेवढ्यात काकू दारात आल्या. बाबांनी हात जोडले. "माफ करना भाभी, अभी बंद करते."

"नक्को भाईसाब," काकू म्हणाल्या. "थोडी देर ऐसाइच चलने दो."