ओल्या भिंतीवर रंग

रुपीबाईनं अर्धं आयुष्य चुना मारला. पोळा-दिवाळी जवळ आली की पांढरकवड्यातल्या घरोघरी तिची आठवण निघायची, एरवी ती लोकांच्या शेतात कापूस वेचायची. पण आता डब्यातले प्लास्टिक रंग आले, मग चुनेवालीला कोण पुसतो? चौकातल्या रंगाऱ्यांत देवीलालचा शब्द मोठा. बायांनी चुनाच मारावा, रंग त्यांचं काम नव्हे, असं त्यानं तिला चारचौघांत सुनावलं होतं. ते तिच्या जिव्हारी लागलं. म्हणून कोकिळाबाईंनी बैठकीची खोली रंगवायला दिली, तेव्हा तिनं इरेला पेटून काम धरलं. जमलं तर ती रंगारीण, फसलं तर पुन्हा वेचणी.

तीन भिंती तिनं झकास केल्या. जुना चुना खरवडून काढला, कारण भुसभुशीत चुन्यावर रंग टिकत नाही, पापुद्रेच निघतात. भेगा भरल्या, पुट्टी लावून घासली, प्रायमर मारला, मग रंग. चौथ्या, पश्चिमेच्या भिंतीला मात्र जुनी सवय आडवी आली. चुना धरायला भिंत आधी भिजवावी लागते. पुट्टी घासून झाली, धूळ उडत होती, आणि बाईचा हात आपसूक तांब्याकडे गेला. भिंत चांगली न्हाली. वरून कोरडी दिसताच तिनं प्रायमर आणि रंग एकाच दिवसात उरकले. घाई कसली होती, तर देवीलालला दाखवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन बाहेरून त्या भिंतीवर आलं आणि आत फोड उठू लागले. आधी एक, मग खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत.

उद्या सुरभीला पाहायला पाहुणे येणार होते. कोकिळाबाईंनी लेकीसाठीच हा घाट घातला होता. फोड दाबून वरून एक हात फिरव, पाहुणे तासभर तर बसतील, असं त्या काकुळतीनं म्हणाल्या. रुपीबाईनं रोलर उचललाही. उद्या शाबासकी मिळाली असती. महिन्याभरात पापुद्रे गळले असते, आणि देवीलालनं साऱ्या चौकाला आणून दाखवले असते. तिनं एक फोड बोटानं दाबला. बोट ओलं झालं.

"ताई, भिंत वल्ली हाय," ती म्हणाली. "चूक माही हाय. हे सारं काढा लागते."

"आन् उद्या लोकाइले काय दाखवू? खरवडलेली भिंत?"

रुपीबाईनं लोखंडी पत्री उचलली आणि रंग सोलायला सुरुवात केली. कोकिळाबाई डोळ्यांना पदर लावून आत गेल्या, त्या संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पाहुणे आले, पोहे खाऊन, सुरभीशी बोलून गेले. उघड्या भिंतीकडे सगळ्यांनी पाहिलं. कळवतो म्हणाले. कोकिळाबाईंनी मग भिंत रंगवायला देवीलालला निरोप धाडला.

हे कानावर येताच रुपीबाई तडक निघाली. कोकिळाबाईंच्या दारात पोचली तर देवीलालनं रंगाचा डबा उघडला होता. हाकलून दिलं तर काय, हा विचार तिनं उंबऱ्याबाहेरच ठेवला.

"खाली कोपऱ्यात हात लावून पाह्य," ती त्याला म्हणाली.

त्यानं नाइलाजानं तळहात टेकवला. मग हात तिथेच राहिला. कोपरा अजून गार, ओलसर होता. देवीलालनं डब्याचं झाकण लावलं.

"कवा मारावं मंग?" त्यानं विचारलं.

रंगाचं काही त्यानं तिला आजवर विचारलं नव्हतं. खिडक्या उघड्या ठेवून पंखा चालू ठेवायचा, कोपरा कोरडाठाक झाला की प्रायमर, तो वाळला की रंगाचे दोन पातळ हात, आणि भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, नाहीतर ठिगळ दिसतं, असं तिनं सांगितलं.

"तू बी ये मंग. शिडी धरजो."

"शिडी तू धर. भिंत माही हाय."

देवीलालनं कोकिळाबाईंकडे पाहिलं. त्या चहा घेऊन दारात उभ्या होत्या आणि त्यांचा राग अजून उतरला नव्हता. त्या पुढे आल्या आणि देवीलालसाठी आणलेला कप त्यांनी रुपीबाईच्या हातात दिला.