मोळीतला कळंब

गाव सोडलं तेव्हा आम्ही हिरड्याच्या पोत्यांवर बसलो होतो. पौडहून पुण्याला निघालेली लॉरी होती. पोत्यांवर आई, मी, आईच्या मांडीवर धाकटा शंकर, आणि आमचा सगळा संसार: हंडे, जातं, टोपलीखाली झाकलेली कोंबडी आणि सरपणाची मोळी. पुण्यात लाकूड विकत घ्यावं लागतं हे ऐकल्यापासून आईचा शहरावरचा विश्वासच उडाला होता. पहाटे वाडीतून निघताना तिने बांधलेली मोळी पुन्हा सोडली, त्यातल्या काही काटक्या निवडून कुंपणाकडे टाकल्या आणि मग परत बांधली. लॉरी चुकेल म्हणून दादा, म्हणजे माझे वडील, तिच्यावर खेकसले.

"कळंब हाय त्यो. चुलीत घालायचा न्हाई," एवढंच ती म्हणाली. का नाही, ते दादांनी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. तिच्या सासूने सांगितलं होतं, संपला विषय.

दादा ड्रायव्हरशेजारी बसले. बसण्याआधी आम्हाला बजावलं, "मागं बघू नगा." मी अर्थातच बघितलं. डोंगरांच्या मधे धरणाचं पाणी चकाकत होतं आणि आमचं खरं गाव त्याच्याखाली होतं. ते बुडालं ते माझ्या जन्माआधी. भाताची खाचरं, देऊळ, देवळामागची राई, सगळं गेलं. आजोबा वर उतारावर येऊन राहिले, पण उतारावर नाचणी आणि वरई याखेरीज काही पिकेना. भावकी पांगली. कोणी घाट उतरून कोकणात गेलं, कोणी भुकूमकडे मजुरीला, कोणाचा पत्ताच लागला नाही. शेवटी दादांनीही हात टेकले. भावकीतले तुम्ही जे वाडीतच राहिलात, ते आम्हाला पळपुटे म्हणालात. खोटं कशाला बोलू, तेव्हा फार लागलं होतं.

दादांना पुण्यात लाकडाच्या वखारीत काम मिळालं आणि खडकीला एक खोली. वाडीत शिंदे म्हणजे आपलीच भावकी, दुसरे होतेच कुठे? इथे नळावर कोणी "अहो शिंदे" म्हटलं की निम्मी रांग वळून बघायची. पोस्टमन बिचारा वैतागून पत्र पहिल्या भेटेल त्या शिंद्याच्या हातात कोंबायचा. कुठले शिंदे, असं कोणी विचारलं की दादा म्हणायचे, मुळशीचे. मुळशीत कुठले, असा पुढचा प्रश्न आला की दादांचा चेहरा उतरायचा. एकदा ते चिडून म्हणाले, "पान्यातले." तेव्हापासून चाळीत आम्हाला 'पाण्यातले शिंदे' हेच नाव पडलं. लोक हसायचे, दादाही हसायचे. पण आपण कोणाचे, हे सांगायला जागाच उरली नाही, हे त्यांना खात होतं.

बघता बघता मी लग्नाची झाले. आमच्या पलीकडच्या चाळीत सदाशिव नावाचा मुलगा राहायचा. कारखान्यात फिटर, आईवडिलांचा एकुलता एक. आमचा स्टोव्ह बिघडला की दुरुस्त करून द्यायचा, आणि तो स्टोव्ह मग फारच वरचेवर बिघडायला लागला. आता या वयात लाजून काय करू? मला तो आवडला होता, आणि त्यालाही मी. त्याच्या घरचं मागणं आलं आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात.

अडलं ते आडनावावर. तेही शिंदेच होते, सासवडकडचे. आमच्यात आडनाव एक असलं तरी देवक वेगळं निघालं तर लग्न होतं. देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात पुजायची कुळाची खूण. कोणाचं झाड असतं, कोणाचं मोराचं पीस. पण देवकही एकच निघालं, तर मुलगा आणि मुलगी भाऊबहीण ठरतात, मग ते कधी एकमेकांच्या दारात गेलेले असोत वा नसोत. त्यांचं देवक जांभूळ. दादांना विचारलं, तर त्यांच्या स्वतःच्या लग्नातही जांभळाचीच डहाळी पुजली होती. झालं. ज्याच्यासाठी मी स्टोव्हच्या पिना वाकवल्या, तो एका सकाळीत माझा भाऊ झाला.

नकार कळवायला सदाशिवची आई स्वतः आली. निरोप पाठवून मोकळी झाली नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. स्टोव्हचं रॉकेल संपलं होतं म्हणून आई तिच्यासाठी चुलीवर चहा ठेवत होती. बोलता बोलता बाई एकदम थांबल्या. चुलीत जांभळाचा फाटा धडधडत होता. आमच्या घरात कोणी जांभळाच्या पाटावरसुद्धा बसत नाही, आणि तुम्ही आपलं देवक जाळता, असं त्यांनी विचारलं. आई ओशाळली. जांभूळ जाळू नये असं तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. कळंब तेवढा जाळायचा नाही, एवढंच सासूबाई बोलल्या होत्या. आणि खरंच, उंबऱ्याशेजारी कळंबाच्या काटक्या काढून ठेवलेल्या होत्या, नेहमीसारख्या. इतकी वर्षं आम्ही त्यांना अडखळत होतो, पण कोणी त्यांच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

बाई त्या काटक्यांकडे बघत राहिल्या. मग चहा पिऊन उठल्या आणि जाताना आईला म्हणाल्या, "येकदा गावाकडं इचारून या."

दादा काही केल्या तयार होईनात. गाव सोडलं ते सोडलं, आता कोणत्या तोंडाने जायचं, असं त्यांचं चाललेलं. मी जेवण टाकलं. हट्ट हा आमच्या घराण्याचा खरा वारसा आहे, तो धरणातही बुडाला नाही. अखेर चैत्र सरताना बापलेक एसटीने पौडला उतरलो आणि पुढे काही बैलगाडीने, काही चालत ताम्हिणीच्या वाटेला लागलो. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना लाच कबूल करत होते.

माहेरीच राहिलेली दादांची आत्या ठकूबाई अजून वाडीत होती. तुम्हा सगळ्यांना ती आठवत असेल. तिच्या जिभेने तुमच्यापैकी कोणाला सोडलं होतं? आम्हाला बघून तिने आधी दादांना न भेटल्याबद्दल झाडलं, मग माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग भाकरी वाढली. जेवणं झाल्यावर दादांनी भीतभीतच विचारलं, आपलं देवक जांभूळच ना?

"जांभूळ? त्ये कंदीपास्नं?" म्हातारी म्हणाली. "आपलं देवक कळंब हाय."

मग तिने सांगितलं. देवळामागच्या राईत एक जुना कळंब होता आणि घरातल्या प्रत्येक लग्नाची डहाळी त्याच झाडाची यायची. पाणी चढलं तेव्हा तो बुडाला. त्यानंतर घरातलं पहिलं लग्न निघालं दादांच्या थोरल्या भावाचं. डोंगरात कळंब काही कमी नव्हते, पण आजोबांनी दुसऱ्या झाडाला हात लावू दिला नाही. "माजा कळंब बुडवला. आता दारात हाय त्ये लावा," असं म्हणून ते मांडवाकडे पाठ करून बसले. दारात जांभूळ होतं. देवावर रुसून केलेली गोष्ट ती, पण पुढच्या लग्नात मागचं बघून तेच झालं, आणि त्याच्या पुढे दादांचं. पुरुषांनी जांभूळ धरलं. चुलीपाशी मात्र आजी सुनांना कळंब जपायला सांगत राहिली.

"मंग तवाच का न्हाई बोललीस?" दादांनी विचारलं.

"मला इचारलं कुनी?"

दादा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले. घरामागच्या उतारावर एक कळंब उभा होता, काही विशेष नाही, डोंगरात असतो तसाच. दादांनी त्याच्या खोडाला हात लावला आणि ते रडले. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. खाली पाणी बरंच आटलं होतं, गाळातून देवळाचा चौथरा वर आला होता, आणि गाव सोडताना मागे बघू नका म्हणणारा माझा बाप अंधारून येईपर्यंत तिकडेच बघत उभा होता.

परतल्यावर सदाशिवच्या वडिलांना ते पटेना. मुलगी द्यायची म्हणून देवक बदलता काय, असं ते तोंडावर बोलले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते. एका म्हातारीच्या शब्दाखेरीज आमच्याकडे होतं काय? दादा मान खाली घालून उठणार, तेवढ्यात सदाशिवची आई आतून बाहेर आली.

"म्या डोळ्यांनी बगितलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "त्या बाईनं माज्या म्होरं जांभूळ जाळलं आन् कळंब बाजूला ठिवला. तवा तिला कुटं ठावं हुतं का कळंब त्यांचं देवक निगंल?"

सासऱ्यांनी तंबाखूची चंची दादांपुढे केली, आणि माझं लग्न ठरलं.

मांडवासाठी दादा पुन्हा वाडीला गेले. त्या उतारावरच्या कळंबाची पूजा करून त्यांनी डहाळी आणली, आणि येताना एसटीत ठकूबाईलाही घेऊन आले. तिच्यामागून तुमच्यापैकी कितीतरी जण आलात. भुकूमचे आले, घाटाखालचेही एक काका शोधत शोधत आले, आमच्या घरी कळंब जाळत नाहीत, मग आम्ही तुमचेच, असं म्हणत. दादांना भावकी मिळाली ती अशी. त्यानंतर कुठले शिंदे असं कोणी विचारलं, की दादा छाती काढून सांगायचे, कळंबाचे.

आता आम्ही पिंपरीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. यांची शिफ्ट ड्युटी, मुलीची शाळा, रेशनची रांग, दिवस कसा जातो कळत नाही. स्वयंपाक स्टोव्हवर होतो, पण आंघोळीच्या पाण्याला बंब आहे आणि बंबाला लाकूड लागतंच. लग्नात माझं आडनाव बदललं नाही. बदललं ते झाड. बाईला नवऱ्याचं देवक लागतं, म्हणजे आता मी जांभूळ जाळायचं नाही आणि कळंब खुशाल जाळायचा, असा नियम. जांभळाचं मी कसोशीने पाळते. पण कळंबाची काटकी हातात आली की बंबाकडे हात जात नाही. मी दोन्ही बाजूला काढते. बाई, तुम्हाला नक्की चालतं तरी कुठलं लाकूड, असं वखारवाला दर खेपेला चिडवतो.

बंबाशेजारी त्या काटक्यांचा ढीग वाढत जातो. कोणी मला घर कुठलं विचारलं, तर मुळशीच्या पाण्याकडे बोट दाखवायची गरज मला उरलेली नाही, तो ढीग आहे. परवा मुलीने त्यातली एक काटकी उचलून विचारलं, आई, ही का नाही जाळायची? माझ्या आईला जे कोणी सांगितलं नव्हतं, ते सगळं मी तिला खाली बसवून सांगितलं. पाणी गार राहिलं आणि तिला शाळेला उशीर झाला, पण सांगितलं.